ज्यांना पिवळा संथ वाटतो

धाकट्याने उभ्या आयुष्यात एकाही अल्बमला दहापैकी दहा गुण दिले नव्हते. साडेआठ ही त्याची वेस. त्यापुढे जायचं तर, तो म्हणायचा, देवाने स्वतः गिटार गळ्यात अडकवली तरी आधी ऐकून बघावं लागेल. रॉक संगीताच्या एका मासिकात तो एकोणीस वर्षं 'खडूस' या नावाने शेवटचं पान लिहीत होता. नाव संपादकाने ठेवलं होतं, पण धाकट्याला ओळखणाऱ्या कोणालाही त्यात संपादकाची फार हुशारी दिसली नाही.

त्या पानावर मतं असायची आणि ती मागेपुढे न बघता फेकलेली असायची. दोन रेकॉर्डचा अल्बम म्हणजे एका रेकॉर्डचा अल्बम अधिक आळस. गिटार दोन मिनिटांच्या वर एकटीच वाजत राहिली तर समजावं, गायक चहा प्यायला गेलाय. कुठल्याही बँडने चौथ्या अल्बमनंतर कडाकडा भांडून वेगळं व्हावं, त्यात त्यांचंही भलं आणि आपलंही. निवडक गाण्यांचे संग्रह घेणारी माणसं पुस्तकाचं मलपृष्ठ वाचून पुस्तकावर बोलणाऱ्यांपैकी. आणि बाकीचे समीक्षक? ज्याच्या लेखात 'वातावरणनिर्मिती' हा शब्द आला त्याने अल्बम ऐकलेला नसतो, तो पंखा लावून झोपलेला असतो. वाचक शिव्यांची पत्रं पाठवायचे आणि आपली शिवी छापून आली का ते बघायला पुढचा अंक घ्यायचे. संपादक खूश असायचा.

पोटासाठी धाकटा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दुकानामागच्या खोलीत एक चाक, चाकावर पाण्याची धार, आणि गोल काच हळूहळू फ्रेमच्या आकाराची होत जाणार. कड तिरपी घासायची, बोटाने तपासायची, फ्रेममध्ये दाबून बसवायची. काम बारीक होतं आणि त्यात बोलावं लागत नसे, म्हणून ते त्याला मानवलं होतं. बाहेर गिऱ्हाईक नवा चष्मा लावून म्हणायचं, "अरे, समोरच्या पाटीवरचं वाचता येतंय की!" पूर्वी हे ऐकून त्याला आत बसल्या बसल्या बरं वाटायचं.

आता काहीच वाटत नव्हतं. चार महिने झाले होते.

दुकानात दिवसभर रेडिओ लागायला लागला, यावरून सगळ्यांना कळलं की काहीतरी बिघडलंय. पूर्वी काउंटरवरच्या मुलीने रेडिओचं बटण फिरवलं की हा चाक बंद करून बाहेर यायचा, एक शब्द न बोलता तिच्याकडे बघायचा, आणि रेडिओ बंद व्हायचा. आता तोच रेडिओ गुळगुळीत प्रेमगीतं गात होता आणि मागे चाक आपलं फिरत होतं. "काका, आवाज कमी करू का?" तिने एकदा आपणहून विचारलं. "राहू दे," तो म्हणाला. ती जास्तच घाबरली.

चार महिन्यांपूर्वी त्याचा दादा गेला होता. सकाळी कामावर जायला निघाला, बूट घालायला वाकला, आणि वर आलाच नाही.

दादा पाच वर्षांनी मोठा. लिफ्ट दुरुस्त करायचा. तीस वर्षं इमारतींच्या डोक्यावरच्या मशीनच्या खोल्यांमध्ये मोटारींच्या घरघराटात उभा राहिलेला माणूस. लिफ्टमध्ये पाय ठेवला की तळव्याने सांगायचा, दोर झिजलाय की ब्रेक. धाकटा तेरा वर्षांचा असताना पहिल्या पगारातून रेकॉर्ड प्लेअर आणणारा तोच, आणि पहिला अल्बम आणणाराही तोच. त्या अल्बमचं कव्हर नुसतं पिवळं होतं, चित्र नाही, अक्षर नाही. दोघे भाऊ अल्बमना त्यांच्या नावाने कधी हाकच मारत नसत, आणि त्यांची टोपणनावं खडूसच्या वाचकांनाही पाठ झाली होती. एक कुत्रावाला होता, एक जिना होता, एक तीन खुर्च्या होता. आणि हा पिवळा. नऊ गाणी, छत्तीस मिनिटं, आणि सगळी अशी वाजवलेली की स्टुडिओचा मालक दाराशी कुलूप घेऊन उभा असावा. पिवळ्याला धाकट्याने साडेआठ दिले होते. ती वेस पिवळ्यासाठीच आखलेली होती.

भावांचा एक रिवाज होता. दरवर्षी पहिल्या रविवारी दोघांनी आपापली दहा अल्बमची यादी करायची, प्रत्येकासमोर एक ओळ लिहायची, आणि दादाच्या घरी बसून एकमेकांना वाचून दाखवायची. त्याला एकच नियम, आणि तो दादाचा. यादीत घालायचा तो अल्बम त्याच आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, आणि ओळीत लिहायचं ते ऐकू आलं तेच. आठवतं ते नाही. "आठवणीतून कोणीही लिहील," दादा म्हणायचा. "मग ऐकायचं कशाला?" यादी वाचून झाली की भांडण. वहिनी दोघांपुढे खायला ठेवून शेजारच्या खोलीत वह्या तपासत बसायची. ती शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची, तिला गोंगाटाची सवय होती.

दीड वर्षापूर्वीच्या यादीत दादाने पिवळा नेहमीसारखा पहिला ठेवला, पण समोरची ओळ भलतीच होती. 'यंदा कळलं, हा अल्बम घाईचा नाहीच. ड्रमवाला थांबतो, श्वास घेतो, मग मारतो. संथ आहे, म्हणून मोठा आहे.'

धाकट्याने ओळ दोनदा वाचली.

"संथ? पिवळा संथ?"

"हं."

"दादा, तीस वर्षं आपण ऐकतोय. तो ड्रमवाला आयुष्यात कधी थांबला नाही. त्याला थांबता येत असतं तर बँड बुडाला नसता."

"मी ऐकलं ते लिहिलं," दादा म्हणाला.

"मग काहीतरी दुसरंच ऐकलंस."

"असेल."

नेहमी दादा तावातावाने भांडायचा, खुर्चीच्या हातावर ताल धरून सिद्ध करून दाखवायचा. त्या दिवशी तो धाकट्याच्या तोंडाकडे एकटक बघत राहिला आणि नुसतं हं हं करत राहिला. धाकट्याला वाटलं, वय वाढलं की माणसं अशी मोठेपणाचा आव आणतात. तो रागाने घरी आला, आणि राग आला की लिहायचं ही त्याची जुनी खोड. त्या महिन्याच्या शेवटच्या पानावर खडूसने लिहिलं, 'काही जाणकारांना अलीकडे पिवळा संथ वाटू लागलाय असं कळतं. अशांनी कृपया आधी कान तपासून घ्यावेत, आणि निकाल काय आला ते आम्हाला कळवावं.' वाचकांना फार आवडलं. जाणकार कोण हे एका माणसाखेरीज कोणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर दादाचा फोन आला नाही. धाकट्यानेही केला नाही. मोठ्याने आधी करावा, असं धाकट्याचं म्हणणं. पुढल्या वर्षीचा पहिला रविवार आला, याद्या झाल्या नाहीत, कोणी कोणाला का म्हणून विचारलं नाही. घर तासाभराच्या अंतरावर होतं. चौदा महिने दोघेही मूग गिळून बसले, आणि मग ते बुटाचं झालं.

शेवटचं सगळं उरकलं तेव्हा धाकटा रडला नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, नंतर येईल. नंतर काही आलं नाही. उलट जे होतं तेही गेलं. घरी येऊन त्याने कुत्रावाला लावला, जिना लावला, आणि शेजारच्या गल्लीत कोणाचं तरी भांडण चाललंय तसं ते त्याला ऐकू आलं. आवाज येत होता, आपल्याला त्याचं काही नव्हतं. पिवळा लावायचं त्याने टाळलं. तोही तसाच वाजला तर पुढे काय, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

मासिकाला मजकूर मात्र जात होता. एकोणीस वर्षांच्या जुन्या लेखांतून एक वाक्य इथलं, एक तिथलं, असं जोडून त्याने चार महिने चार पानं भरली. नवीन अल्बमची दोन-दोन गाणी ऐकायची, ड्रमला नावं ठेवायची, सहा गुण द्यायचे. संपादकाला शंका तर आली नाहीच, वर त्याने फोन करून सांगितलं, "काय धार आलीय हो हल्ली लिखाणाला!" धाकट्याने थँक यू म्हटलं. याच माणसाने कधीकाळी न ऐकता लिहिणाऱ्यांची सालटी काढली होती, आणि आता याचंच पान न ऐकता लिहिलेलं आहे हे कोणाला ओळखू येत नव्हतं.

मग वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, मी लहान घर घेतलंय शाळेजवळ. रेकॉर्ड काही तिथे मावायच्या नाहीत. रविवारी येऊन घेऊन जा."

"बरं."

"मशीनही न्या. एवढं मोठं धूड मी काय करू?"

"बरं, वहिनी."

फोन ठेवला आणि त्याने मनाशी ठरवून टाकलं. रविवारी दादाच्या खोलीत, दादाच्या मशीनवर, दादाच्या खुर्चीत बसून पिवळा ऐकायचा. तिथेही काही वाटलं नाही, तर संपादकाला पत्र लिहायचं, शेवटचं पान सोडायचं, आणि दोघांच्याही रेकॉर्ड कोणाला तरी देऊन टाकायच्या. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. लग्न केलं नव्हतं, मित्र म्हणावे तर शिव्या देणारे वाचक. छत्तीस मिनिटांवर सगळं येऊन अडलं होतं, आणि याचीही त्याला भीती अशी वाटत नव्हती. भीती वाटायला हवी, एवढंच कळत होतं.

रविवारी सकाळी तो गेला तेव्हा घर अर्धं बांधून झालं होतं. भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन होते. वहिनीने पदर खोचला होता, हातात चिकटपट्टी होती.

"चहा टाकते," ती म्हणाली.

"आधी एक अल्बम ऐकू का?" त्याने विचारलं. "मशीन काढायच्या आधी."

वहिनीने त्याच्याकडे जरा बघितलं. "ऐका की," ती म्हणाली आणि आत गेली.

दादाची खोली जशीच्या तशी होती. एक खुर्ची खिडकीपाशी, आणि तिच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, स्वयंपाकघरातली एक स्टुलासारखी बिनपाठीची खुर्ची. ही इथे कशाला, असं धाकट्याच्या मनात आलं आणि गेलं. त्याने पिवळा बाहेर काढला. रेकॉर्ड स्वच्छ होती, कडेला धरून धरून कव्हरचा कोपरा तेवढा काळा झालेला. त्याने सुई ठेवली आणि दादाच्या खुर्चीत बसला.

पहिलं गाणं सुरू झालं आणि धाकटा ताठ झाला. गायकाला सर्दी झाली होती.

म्हणजे तसं वाटत होतं. आवाज जाड, खाली बसलेला. गिटार चिखलातून चालल्यासारखी. आणि ड्रमवाला, तो धावत सुटलेला ड्रमवाला, थांबत होता. एक ठोका, मग एक पोकळी, मग दुसरा. थांबत होता, श्वास घेत होता, मग मारत होता.

धाकट्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो काचा घासणाऱ्याचा. मशीन बिघडलंय. पट्टा सैल झाला की रेकॉर्ड हळू फिरते. म्हणजे दादा वर्षभर बिघडलेल्या मशीनवर ऐकत होता आणि याद्या लिहीत होता! त्याला जवळजवळ हसू आलं. आणि लगेच दुसरा विचार आला, तो काही हसण्यासारखा नव्हता. दादा लिफ्टचा माणूस. मजला यायला एक सेकंद उशीर झाला तर ज्याला तळव्यात कळायचं, त्याच्या घरात पट्टा सैल राहील?

तो उठून मशीनपाशी वाकला. पट्टा नवा होता, घट्ट होता. बाजूला वेग कमीजास्त करायची सरकपट्टी असते, ती एकदम खालच्या टोकाला ओढलेली होती. नुसती ओढलेली नव्हती, हलू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टीचा एक बारीक तुकडा लावलेला होता, कडा नीट कापून, दादाच्या हातचा.

त्यांच्या धर्मात याहून मोठं पाप नव्हतं. बँडने ज्या वेगाने वाजवलं त्याला हात लावायचा नाही, हे धाकट्याला शिकवणारा दादाच.

"वहिनी!" त्याने हाक मारली. "हे कोणी केलं?"

वहिनी चहाचे कप घेऊन दारात आली. तिने मशीनकडे बघितलं, धाकट्याकडे बघितलं, आणि कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले.

"यांनीच," ती म्हणाली. "कान गेले होते ना यांचे."

रेकॉर्ड फिरत होती.

"तीन वर्षं झाली असतील. ती मशीनची खोली, आणि वर तुमचं हे मोठ्याने गाणी लावणं. डॉक्टर म्हणाले, बारीक, उंच आवाज आधी जातात. पाखरं, फोनची घंटा, बायकोचा आवाज. तर हे विचारतात, बायकोचं ठीक आहे डॉक्टर, पण ड्रमवरच्या त्या झांजांचं काय?" वहिनी हसली. मग तिचं हसू थांबलं. "कानात घालायचं यंत्र आणलं होतं. बोलणं ऐकू यायचं त्यानं, पण गाणं लावलं की म्हणायचे, सगळा बँड पत्र्याच्या डब्यात कोंबलाय. काढून ठेवलं. मग एक दिवस त्यांना सापडलं की रेकॉर्ड हळू केली की शब्द कळतात. एक संपून दुसरा यायला वेळ मिळतो. दिवसभर खुशीत होते."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला?" वहिनीने सरळ विचारलं. "तुम्हाला काय सांगायचं होतं, भाऊजी? तुम्ही भावाकडे कानांसाठीच येत होता. मला म्हणाले, याला कळलं तर हा माझ्याशी भांडायचा थांबेल. माझी कीव करेल."

धाकटा परत दादाच्या खुर्चीत बसला. "आणि ते... मी लिहिलेलं?"

"वाचलं की. प्रत्येक अंक आमच्याकडे यायचाच. वाचून मला म्हणाले, बघ, बरोबर ओळखलं यानं. आणि हसले." पुढचं सांगावं की नाही, हे वहिनी ठरवत होती. "मग दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी तो कान तपासल्याचा डॉक्टरचा कागद पाकिटात घातला, वर तुमचा पत्ता लिहिला. म्हणाले, निकाल मागितलाय त्यानं, पाठवून देतो. तिकीटसुद्धा लावलं."

"आलं नाही मला."

"पाठवलंच नाही. म्हणाले, नको. तो मुळात वाईट नाही. पुढच्या महिन्यात माफी छापेल, आणि ती वाचताना मलाच लाज वाटेल."

"फोन तरी..."

"फोनवर काय ऐकू येणार होतं त्यांना?" वहिनीचा आवाज पहिल्यांदा चढला. "ते वाट बघत होते तुम्ही याल म्हणून. समोर बसलात की तोंडाकडे बघून समजायचं त्यांना. तुम्ही आला नाहीत."

हे खरं होतं.

धाकट्याला लाज वाटली. चार महिन्यांत त्याला वाटलेली ही पहिली गोष्ट, आणि ती पायापासून वर चढत आली. 'मी ऐकलं ते लिहिलं,' दादा म्हणाला होता. आठवणीतून सहज लिहू शकला असता, तीस वर्षांचा पिवळा त्याच्या डोक्यात लख्ख होता. धावतो, घाई करतो, कुलूप लागायच्या आत संपवतो, असं काहीतरी लिहून टाकलं असतं तर कोणालाच काही कळलं नसतं. त्याने ते केलं नाही. आणि चांगल्या कानांचा धाकटा चार महिने जुनी वाक्यं शिवून पानं भरत होता. बहिरा कोण, हे दोघांत ठरवायचं झालं असतं तर दादा जिंकला असता, आणि जिंकल्याचं त्याला वाईट वाटलं असतं.

तिसरं गाणं सुरू झालं होतं. वहिनी बोलता बोलता त्या बिनपाठीच्या खुर्चीवर येऊन बसली होती. धाकटा दादाच्या खुर्चीत होता. गुडघ्याला गुडघा लागत होता. आणि त्याच्या लक्षात आलं, वहिनीचे ओठ हलतायत.

आवाज नव्हता. ती खिडकीबाहेर बघत होती, हातातला कप निवत चालला होता, आणि तोंड मात्र गाण्याबरोबर चाललं होतं. प्रत्येक शब्द पूर्ण, ओठ नीट उघडून, नीट मिटून, पहिलीच्या मुलांना अक्षर शिकवताना करतात तसं. गायक जिथे अर्धा शब्द खातो तिथे तिने तो खाल्ला नाही, पूर्ण म्हटला. धाकट्याने हे गाणं हजार वेळा ऐकलं असेल. त्या जागी शब्द काय आहे हे त्याला आज कळलं.

"वहिनी," तो म्हणाला.

ती दचकली. ओठ थांबले. "सवय हो," ती म्हणाली, जरा ओशाळून. "शेवटचं वर्षभर हळू करूनही पुरेना. मग मी इथे बसायची आणि म्हणायची. हे माझ्या तोंडाकडे बघत ऐकायचे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, इतकं टक लावून कधी बघितलं नव्हतं माझ्याकडे. शब्द आधी शाळेतल्या वहीत उतरवून घेतले मी, पुढेमागे करून करून. आठ दिवस लागले."

"सगळा पिवळा?"

"सगळा. कुत्र्याचाही अर्धा झाला होता."

धाकट्याला हसू आलं आणि हसता हसता तो रडायला लागला. चांगलं मोठ्याने, तोंड वेडंवाकडं करून. वहिनीने त्याला गप्प केलं नाही. तिने कप खाली ठेवला आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिली. रडणं ओसरेपर्यंत पहिली बाजू संपली आणि सुई मधल्या रिकाम्या जागेत खरखरत राहिली. मग वहिनी उठली, सुई उचलली, दोन तळव्यांमध्ये कडा धरून रेकॉर्ड उलटी केली आणि सुई पुन्हा ठेवली. हे तिने इतक्या सहज केलं की बऱ्याच वेळा केलेलं असणार.

नाक पुसून धाकटा म्हणाला, "तुम्हाला कसा वाटतो हा अल्बम?"

"मला?"

"हो."

"सत्तावीस वर्षांत दोघांपैकी एकानेही विचारलं नाही हे," वहिनी म्हणाली. ती रागावली नव्हती, आठवून बघत होती. "खरं सांगू? मला नाही आवडत. काय तो आरडाओरडा, आणि अर्थ बघावा तर काही नाही. ते तिसरं गाणं तर मला मुळीच आवडत नाही."

कोणी पिवळ्याबद्दल असं बोललं असतं तर एरवी धाकट्याने त्याला संध्याकाळपर्यंत सोडलं नसतं. आता तो ऐकत राहिला. दुसरी बाजू संथ वाजत होती आणि ड्रमवाला प्रत्येक ठोक्याआधी थांबत होता. ते वाईट नव्हतं. तो वेगळाच अल्बम होता, आणि तो एकाच माणसाने ऐकला होता.

रेकॉर्ड संपली तेव्हा दुपार व्हायला आली होती. धाकट्याने खोकी ओढून आणली आणि दोघांनी मिळून भरायला घेतली. कुत्रावाला, जिना, तीन खुर्च्या, एकामागून एक आत गेले. वहिनी पत्त्यांसारख्या सरळ लावून देत होती, तो खोक्यांवर चिकटपट्टी ओढत होता. शेवटी मशीनवरचा पिवळा उरला. धाकट्याने तो कव्हरमध्ये घातला आणि खोक्यात ठेवायला वाकला.

"तो राहू द्या," वहिनी म्हणाली. "आणि मशीनही राहू द्या. करीन काहीतरी जागा."

"पण तुम्हाला तर आवडत नाही."

"नाहीच आवडत," वहिनी म्हणाली. "पाठ आहे ना पण."

धाकट्याने पिवळा तिच्या हातात दिला. सरकपट्टीला त्याने हात लावला नाही. मग खोकी उचलून तो एकेक करून खाली नेऊन ठेवू लागला.